मस्कतचे साडेपाच

१

अंबिका सुर्वेंच्या देव्हाऱ्यातला गौरीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाल्याचं शनिवारी दुपारी सव्वाबाराला कळलं, आणि चोर कोण हे सोसायटीने साडेबाराला ठरवूनही टाकलं. पंधरा मिनिटांत. एरवी याच सोसायटीला पाण्याची मोटर दुरुस्त करायची की नवी आणायची हे ठरवायला दोन वर्षं लागली होती.

एक वाजता व्हॉट्सॅप ग्रुपवर फोटो आला. गेटपाससाठी काढलेला, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गोदूबाईचा फोटो. खाली सेक्रेटरी जितेंद्र राणे यांनी लिहिलं होतं : ‘फ्लॅट ४०२ मध्ये चोरी. या बाईला आजपासून एंट्री नाही. सर्वांनी सावध राहावे.’ त्याखाली अंगठ्याएवढे वीस-बावीस जोडलेले हात. कुणाचे आभार मानत होते देव जाणे.

दुसऱ्या मजल्यावरच्या सुचेता वैद्य तेव्हा बहिणीकडे पुण्याला होत्या. सोमवारी सकाळी परत येऊन त्यांनी बॅग खाली ठेवली, तर दारात गोदूबाई उभी. आत यायला तयार नाही. वॉचमन लवू तांबे यांनी ‘फक्त वैद्यबाईंना भेटायचंय’ म्हणून पाच मिनिटांसाठी सोडलं होतं. अकरा वर्षं ही बाई काशीमीऱ्याहून चालत येऊन मीरा रोडच्या बेवर्ली पार्कातल्या या इमारतीत पाच घरांची धुणीभांडी करत होती.

“मी नाय घेतला मुखवटा, ताई,” ती म्हणाली. “संध्याकाळी पाचला माझ्या नावानं पोलिसात कागद देणारेत. पाचही घरं सुटली. पोलिसात नाव गेलं तर बेवर्ली पार्कात मला कोण उभं करणार?”

“आधी आत ये.”

“नको. तुमच्या घरातलं काय गेलं तर?”

हे वाक्य सुचेताबाईंना झोंबलं. रागीट म्हणून त्या प्रसिद्धच होत्या. फोर्टमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत तीस वर्षं त्यांनी विमानाची तिकिटं काढली होती आणि चुकीच्या तारखेवरून भल्याभल्या साहेबांना खडसावलं होतं. पण आजचा राग वेगळा होता. त्यांनी गोदूबाईचा दंड धरला आणि तिला आत खुर्चीवर बसवलं.

“पाचला अजून सात तास आहेत,” त्या म्हणाल्या. “सांग. पहिल्यापासून.”

२

गोष्ट सरळ होती. गौरी बसायला दहा दिवस होते, म्हणून अंबिकाकाकूंनी शनिवारी सकाळीच मुखवटा कपाटातून काढून, चिंच लावून उजळून देव्हाऱ्यात ठेवला होता. गोदूबाई अकराला कामाला आली. सव्वाअकराला काकू खाली क्लबहाऊसमध्ये भजनाला गेल्या. गोदूबाईने काम संपवलं आणि अकरा चाळीसला दार ओढून घेतलं. लॅच लागलं. काकू सव्वाबाराला परत आल्या तेव्हा देव्हाऱ्यात मुखवटा नव्हता. दुसरं काही गेलेलं नव्हतं, कुलूप शाबूत होतं.

“तू निघालीस तेव्हा होता?”

“होता की. मी नमस्कार केला तिला. आमच्या माणगावच्या घरी तेरड्याची गौर असते, मुखवटा नसतो. त्यामुळे मी तिच्याकडं बघतच बसते दरवर्षी.”

“आणि कुणी बघितलं का तुला, हात हलवत जाताना?”

“लवूदादांनी पिशवी उघडून बघितली. रोजच बघतात. आत डबा न् छत्री.”

“हे राणेंना सांगितलंस?”

“सांगितलं. ते बोलले, पदराखाली लपवला असशील.”

सुचेताबाईंनी तो मुखवटा पाहिला होता. नारळाएवढा, वर मुकुट, कानात झुबे. तो पदराखाली लपवून गेटमधून जायचं म्हणजे लवू आंधळा असायला हवा, आणि लवूच्या नजरेतून कुरियरवाल्याचं पाकीटसुद्धा सुटत नसे.

पायांत चपला सरकवून त्या थेट चौथ्या मजल्यावर गेल्या.

३

अंबिकाकाकू रडून रडून सुजल्या होत्या. शेजारच्या रसिका शहा त्यांना चहा पाजत होत्या आणि कमिटीचे राणे सोफ्यावर बसून तक्रारीचा मसुदा लिहीत होते.

“चाव्या किती आहेत या घराच्या?” सुचेताबाईंनी उभ्याउभ्याच विचारलं.

“तीन,” काकू म्हणाल्या. “एक माझी, एक रसिकाबेनकडे, आणि एक साईराजकडे. माझ्या पुतण्याकडे. तो पंधरा दिवस सुट्टीवर आला होता ना मस्कतहून. जाताना चावी मागायची राहिली. निघालेल्या माणसाकडून घराची चावी मागू नये, बरं दिसत नाही.”

“माझी चावी घरात, आणि हूं भजनमां,” रसिकाबेन लगेच म्हणाल्या. “पूर्ण टाइम हार्मोनियम मीच वाजवत होते. सगळ्यांनी बघितलंय.”

“आणि साईराज?”

आता राणेंनी पेन खाली ठेवलं. या प्रश्नाची ते वाटच बघत असावेत. “मॅडम, आम्ही काय असंच कुणाचं नाव घेतो का? सगळा हिशेब केलाय मी. साईराज शनिवारी सकाळीच गेला. गेटच्या रजिस्टरमध्ये आऊट आहे, आठ पंचेचाळीस. आणि हे बघा.” त्यांनी फोन पुढे केला. “त्याने मस्कतला उतरल्याउतरल्या काकूंना फोटो पाठवला. मागे एअरपोर्टचं घड्याळ बघा.”

फोटोत गोरागोमटा, चाळिशीचा साईराज दात दाखवत उभा होता. डोक्यामागे भिंतीवर मोठं गोल घड्याळ. बरोबर साडेपाच. खाली ओळ : ‘आत्ताच उतरलो, काकू.’

“मी नेटवर काढलं,” राणे सांगू लागले. “मुंबई ते मस्कत, अंतर पंधराशे सत्तर किलोमीटर, विमानाला दोन तास पन्नास मिनिटं. साडेपाचमधून तेवढी वजा करा, दोन चाळीस. इंटरनॅशनलला तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे अकरा चाळीस. इथून काशीमीऱ्याच्या ट्रकच्या रांगा धरून एअरपोर्टला दीड तास. म्हणजे जास्तीत जास्त दहा-सव्वादहाला त्याला मीरा रोड सोडायलाच पाहिजे. चोरी झाली काकू सव्वाअकराला खाली गेल्यानंतर. तेव्हा तो एअरपोर्टच्या वाटेवर, नाहीतर चेक-इनच्या लायनीत. आता उरलं कोण?”

उरलेली खाली दुसऱ्या मजल्यावर खुर्चीच्या टोकावर बसून होती.

“काकू,” सुचेताबाईंनी विचारलं, “हा फोटो आला तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“काय करणार? मुखवटा गेलेला, देव्हारा भकास. तरी दिवेलागण झाली म्हणून निरांजन लावत होते, तेवढ्यात फोन वाजला.”

सुचेताबाई एकदम राणेंकडे वळल्या.

“राणे, श्रावणात साडेपाचला दिवेलागण होते का हो?”

४

राणेंना काही कळलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. सुचेताबाईंनी काकूंचा फोन मागून घेतला. फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत संदेश आल्याची वेळ होती. सात वाजून दोन मिनिटं.

“नेटवर्क स्लो असेल,” राणे म्हणाले.

“नेटवर्क नाही, सूर्य स्लो आहे. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. तिथले साडेपाच म्हणजे आपले सात. तीस वर्षं मी लोकांना तिकिटावर पेनाने गोल करून सांगत आले, की बाबांनो, दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, त्यांची सरळ वजाबाकी करू नका. मुंबईहून मस्कतला जाणाऱ्याला वाटतं सव्वा तासात पोहोचलो, आणि परत येणाऱ्याला वाटतं सव्वाचार तास लागले. विमान तेवढंच उडतं. तुम्ही मुंबईचा प्रवास मस्कतच्या घड्याळातून वजा केलात, आणि त्या वजाबाकीवर एका बाईचा फोटो गावभर लावलात!”

“म्हणजे?” रसिकाबेनने विचारलं.

“सातातून दोन पन्नास गेले, चार दहा. त्यातून तीन तास, एक दहा. त्यातून दीड तास, अकरा चाळीस. तुमच्याच हिशेबाने, राणे, तो अकरा चाळीसपर्यंत इथे असू शकतो. आणि थोडा उशीर केला तरी विमान चुकत नाही.”

राणे फोनवर बोटं चालवत राहिले आणि हळूहळू त्यांचे कान लाल झाले. पण माणूस सेक्रेटरी होता, सहजासहजी हार मानणारा नव्हता.

“असू शकतो म्हणजे होताच असं नाही,” ते म्हणाले. “रजिस्टर काय खोटं बोलतं? आठ पंचेचाळीस आऊट. काकूंनी स्वतः त्याला ओवाळून पाठवलं. काय काकू?”

“हो,” काकू म्हणाल्या. “पावणेनऊच्या आतच. मी दारात उभी होते. पावणेनऊनंतर दिवस वर्ज्य होता पंचांगात. माझ्या डोळ्यांदेखत बॅग घेऊन लिफ्टमध्ये गेला तो.”

हे मात्र सुचेताबाईंना अडलं. काकू खोटं बोलत नव्हत्या. मग चार वाजताच्या विमानाला पावणेनऊला निघालेला माणूस मधले तीन तास कुठे होता?

त्या देव्हाऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मुखवट्याची जागा रिकामी होती, पण अगदीच रिकामी नव्हती. तिथे चिमूटभर कुंकवाच्या अक्षता होत्या आणि त्यांवर पिवळ्या दोऱ्यात बांधलेली एक सुपारी.

“ही सुपारी कोणी ठेवली?”

दोन दिवस काकूंना त्या रिकाम्या जागेकडे बघवलंच नव्हतं. आता त्यांनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं आणि देव्हाऱ्याची चौकट घट्ट धरली.

५

काकूंना तिथेच सोडून सुचेताबाई खाली गेटवर गेल्या. त्यांना आधी लवूला गाठायचं होतं, बाकीचं नंतर.

लवू तांबे गुहागरकडचे, साठीला आलेले. रजिस्टर त्यांच्या अक्षरात असायचं, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

“लवूभाऊ, शनिवारी साईराज पावणेनऊला गेला?”

“हो बाई. मीच लिहिलंय.”

“कशातून गेला? रिक्षा, टॅक्सी?”

लवू गोंधळले. “तेव्हा कुठे? तेव्हा फक्त प्रस्थान ठेवलं ना.”

सुचेताबाईंनी डोळे मिटून घेतले. गिरगावात त्यांची आईही असंच करायची. निघायची वेळ अवेळी येत असेल, तर चांगल्या मुहूर्तावर सामान घराबाहेर काढून दुसरीकडे ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं, मग माणूस प्रत्यक्ष केव्हाही निघो. फक्त परत घरात पाऊल टाकायचं नाही.

“बॅग कुठे ठेवली?”

“इथंच माझ्या केबिनमध्ये. काकूंनीच फोन करून सांगितलं होतं. साईराज म्हणाले, नया नगरात मित्राकडे जाऊन येतो, तोवर राहू दे. मग मी आऊट लिहिलं. प्रस्थान ठेवलं म्हणजे निघालाच की माणूस! मग पुन्हा कशाला लिहू? दोनदा आऊट लिहिलं तर राणेसाहेब ओरडतात.”

“आणि बॅग केव्हा नेली?”

“बाराच्या आसपास. टॅक्सी आली होती. मला आठवतंय, कारण मी डबा उघडला होता.”

“तो बाहेरून आला?”

लवूंनी थोडा विचार केला. “नाही. जिन्याकडून आले. हातात एक कापडी पिशवी होती, ती बॅगेत कोंबली. मला वाटलं, मागच्या गेटनं पार्किंगमधून आले असतील.”

“हे कुणाला सांगितलं नाहीत?”

“बॅग केव्हा गेली हे कुणी विचारलंच नाही, बाई. राणेसाहेबांनी रजिस्टरचा फोटो काढला न् गेले. गोदूबाईची पिशवी मी बघितली होती, तेही सांगायला गेलो. बोलले, तू तुझं काम कर.”

सुचेताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाला एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. कुणी विचारला नाही, कारण कुणाला उत्तर नकोच होतं. गोदूबाई आयतीच हाती होती.

६

दुपारी चार वाजता चारशे दोनमध्ये सगळे जमले. राणे, रसिकाबेन, लवू, काकू. सुचेताबाईंनी गोदूबाईलाही वर आणलं होतं. ती दाराजवळ उभी राहिली, बसली नाही.

“काकू,” सुचेताबाई म्हणाल्या, “ती सुपारी कुठली, ते तुम्ही सांगता की मी सांगू?”

अंबिकाकाकूंनी सुपारी उचलून तळहातावर घेतली.

“माझ्याच हातची आहे. प्रस्थानाला बांधली होती, हळदीच्या दोऱ्यात. अक्षता न् सुपारी त्याच्या रुमालात मीच बांधून दिली. तो ती घेऊन गेला पावणेनऊला, न् प्रस्थान ठेवलं म्हणजे निघालाच असं मी धरून होते. घराबाहेर गेलेली सुपारी…”

“दुपारी देव्हाऱ्यात परत आली,” सुचेताबाईंनी वाक्य पुरं केलं. “गोदूबाई निघाली तेव्हा ती तिथे नव्हती, हे मी तिला विचारून घेतलंय. चोर सुपारी ठेवून जात नाही. देवाला जागेवरून हलवताना जागा रिकामी सोडायची नाही, हे ज्याला या घराने शिकवलंय तोच ठेवून जातो. हाताशी दुसरी नव्हती, म्हणून खिशातली ठेवली. प्रस्थान मोडून घरात आला, गौर उचलली आणि तिची क्षमा मागून गेला. गौरीची क्षमा मागितली त्याने. गोदूबाईचं त्याच्या मनातही आलं नाही.”

“लावा फोन,” काकू एकदम कडक आवाजात म्हणाल्या.

राणेंनी फोन स्पीकरवर टाकला. तिकडे ऑफिसमधली गडबड ऐकू येत होती.

“साईराज,” काकू म्हणाल्या, “प्रस्थानाची सुपारी मला देव्हाऱ्यात मिळाली.”

पलीकडची गडबड हळूहळू मागे पडली. तो बाहेर कुठेतरी आला असावा.

“काकू, मी सांगणारच होतो,” तो म्हणाला. “अगं, इथे आमच्या ग्रुपने यंदा पहिल्यांदा गौर बसवायची ठरवलीय. सगळ्यांना मी बोलून बसलो होतो, आमच्या घरचा शंभर वर्षांचा मुखवटा आहे म्हणून. आजोबांचा तो, माझाही हक्क आहे की नाही? विचारलं असतं तर तू दिला नसतास.”

“नसताच दिला. पण शनिवारी रात्री तुला फोन करून मी रडले, गोदूवर आळ आलाय म्हणून सांगितलं. तेव्हा काय म्हणालास?”

“अगं, तेव्हा…” तो अडखळला.

“मी सांगते काय म्हणालास. ‘काकू, आजकाल कुणाचा भरवसा नाही.’ असं म्हणालास.”

“अगं, मला वाटलं दोन-चार दिवसांत विसरतील सगळे. कामवाली बाई आहे, तिला काय, दुसरीकडे काम मिळेल. मी महिन्याभरात मुखवटा परत आणून ठेवला असता, सापडला म्हणून सांगितलं असतं…”

सुचेताबाईंनी फोन राणेंच्या हातातून काढून घेतला. आवाज चढवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण तो चढला.

“तिला काय? अकरा वर्षांची इज्जत गेली तिची, आणि तुला काय! तू चोरी केलीस ती केलीस, पण दोन दिवस लोक तिला चोर म्हणत असताना तू ऐकत बसलास. मस्कत दोन तास पन्नास मिनिटांवर आहे. उद्या रात्रीच्या आत मुखवटा इथे हवा. नाहीतर हा लिहून तयार असलेला कागद वाया जाणार नाही, फक्त नाव बदलेल.”

“येतो,” साईराज म्हणाला. “सकाळच्या फ्लाइटने येतो.” फोन बंद झाला.

राणेंनी तक्रारीच्या कागदाची हळूच चौपदरी घडी घातली आणि तो खिशात टाकला. मग घसा साफ करून म्हणाले, “चला, झालं ते झालं. मिसअंडरस्टँडिंग होतं. मी ग्रुपवर टाकतो, मुखवटा मिळाला, मॅटर क्लोज. साईराजचं नाव नको घ्यायला, घरातली गोष्ट आहे, उगाच बाहेर कशाला? पाहिजे तर गोदूबाईचा फोटो पुन्हा टाकतो, बाई प्रामाणिक आहे असं लिहून.”

त्यांनी गेटपास पुढे केला. गोदूबाईने तो घेतला नाही. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली.

“माझा फोटो खूप झाला, साहेब. आता त्याचा टाका.”

राणे काकूंकडे बघू लागले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा पुसून त्यांनी स्वतःचा फोन उचलला. टाइप करायला बराच वेळ लागला. मग एकामागून एक राणेंचा, रसिकाबेनचा, लवूंचा, सुचेताबाईंचा असे सगळे फोन वाजले.

तोच फोटो होता. हसरा साईराज, मागे मस्कतचं गोल घड्याळ, साडेपाच. खाली काकूंनी लिहिलं होतं : ‘मुखवटा याने नेला. हा माझा पुतण्या. गोदूने काही घेतलेलं नाही. ती घरात होती एवढंच मी बोलले, बाकी तुम्ही बोललात, आणि मी गप्प बसले. अंबिका सुर्वे, ४०२.’

या वेळी ग्रुपवर कुणाचेच जोडलेले हात आले नाहीत.

गोदूबाईने वाचता येत नाही म्हणून लवूंकडून दोनदा वाचून घेतलं. मग राणेंच्या हातातला पास घेतला आणि कमरेला खोचला.

“गोदू,” काकू म्हणाल्या, “उद्यापासून येशील ना गं? गौर यायचीय. तुझ्याशिवाय माझं काही व्हायचं नाही.”

“गौर आली की हळदीकुंकवाला येईन, आजी,” गोदूबाई म्हणाली. “भांडी घासायला नाय येणार.”

काकूंनी मान हलवली.

जिना उतरताना गोदूबाईने सुचेताबाईंना विचारलं, “ताई, तुमची भांडी पडलीत ना सकाळपासून?”

“मी घासली,” सुचेताबाई म्हणाल्या. “तू चहा घ्यायला चल. आणि खुर्चीत नीट टेकून बस.”